डिस्पॅचरचा कॉल रेकॉर्ड करायचाय? आधी त्याला सांगा

फोन लागला, समोरच्या डिस्पॅचरनं (कंपनीत बसून ड्रायव्हरना लोड, म्हणजे मालाची खेप, आणि वेळा नेमून देणाऱ्यानं) हॅलो म्हटलं, की पहिलं वाक्य एवढंच: "आय ॲम रेकॉर्डिंग धिस कॉल." मग लोड, अपॉइंटमेंट, डिटेन्शन (माल चढवताना-उतरवताना ताटकळत ठेवल्याचे पैसे), जे काय बोलायचं ते बोला.

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या आपल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा निम्म्यांचा चेहरा पडतो. त्यांना गुपचूप रेकॉर्ड करून डिस्पॅचरला रंगेहाथ पकडायचं असतं. "आधीच सांगितलं तर तो खरं कशाला बोलेल, ताई?" हा सवाल ठरलेला. सवाल रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आहे, पण त्याआधी कायदा बघावा लागतो. या विषयात लोक फोनवर ॲप आधी उतरवतात आणि कायदा गळ्याशी आल्यावर वाचतात.

आम्ही नवरा-बायको टीम चालवतो, म्हणजे एकाच ट्रकवर दोघं ड्रायव्हर. घर इलिनॉयमध्ये, कंपनीचं ऑफिस टेक्सासमध्ये, आणि गाडी बहुतेक वेळ आय-८० हायवेवर. म्हणजे एका साध्या फोन कॉलला तीन राज्यांचा संबंध येतो. मी वकील नाही. तुमचं प्रकरण पेटलेलं असेल तर वकीलच गाठा. पण रोजच्या कॉलसाठी जेवढं कळायला हवं तेवढं मी कलमं उघडून वाचलंय, आणि ते समजायला अवघड नाही.

केंद्राचा कायदा म्हणजे १९६८ चा वायरटॅप कायदा, त्यातलं कलम २५११. संभाषणातल्या एका माणसाची संमती असेल तर रेकॉर्डिंग चालतं, आणि तो एक माणूस तुम्ही स्वतः असू शकता. ग्रुपवर फिरणारं "वन पार्टी कन्सेंट, टेन्शन नाही" हे वाक्य इथून आलंय. त्यातल्या दोन अटी मात्र फॉरवर्ड करताना गळून पडतात. पहिली, तुम्ही स्वतः त्या बोलण्यात असायला हवं. दुसरी, रेकॉर्डिंगचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा कुणाचं बेकायदा नुकसान करण्याचा नसावा. "डिटेन्शनचे पैसे टाक, नाहीतर तुझं बोलणं सगळीकडे पसरवीन" असं म्हणण्यासाठी रेकॉर्ड केलंत तर वन पार्टीची ढाल तिथेच गळून पडते. केंद्राच्या कायद्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, शिवाय समोरचा दिवाणी दावा लावू शकतो तो वेगळा.

आता राज्यं. आय-८० न्यू जर्सीतून निघतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो, वाटेत अकरा राज्यं. न्यू जर्सीत एकाची संमती पुरते. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलात की सगळ्यांची संमती लागते, आणि तिथे गुपचूप रेकॉर्डिंग हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आहे, कमाल सात वर्षं. ओहायो, इंडियाना: पुन्हा एकाची. इलिनॉय: सगळ्यांची. आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग, युटा: एकाची. नेवाडात कायद्याची भाषा सैल वाटते, पण तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये फोन कॉलसाठी सगळ्यांची संमती लागते असं ठरवलं. शेवटी कॅलिफोर्निया, सगळ्यांत कडक. म्हणजे एकाच रस्त्यावर, तोच फोन, तोच डिस्पॅचर, आणि नियम वाटेत पाच वेळा उलटतो. राज्याची पाटी बघून रेकॉर्डर चालू-बंद करणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही.

आय-८० सोडून फिरत असाल तर फ्लोरिडा, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, मोंटाना आणि वॉशिंग्टन हीदेखील सांगूनच रेकॉर्ड करायची राज्यं. कनेटिकटमध्ये फौजदारी नाही तरी दिवाणी दावा होऊ शकतो. मेरीलँडवरून आठवलं: मोनिका लेविन्स्कीचे फोन रेकॉर्ड करणाऱ्या लिंडा ट्रिपवर १९९९ मध्ये याच राज्याच्या कायद्याखाली आरोपपत्र दाखल झालं होतं. पुढच्या वर्षी खटला मागे घेतला गेला. पण देशाच्या अध्यक्षाला महाभियोगापर्यंत नेणारी टेपसुद्धा रेकॉर्ड करणारीच्या अंगावर आली होती, हे लक्षात ठेवायला बरं.

इलिनॉयबद्दल थोडं जास्त सांगते, कारण शिकागोभोवती आपले बरेच लोक आहेत आणि एक अर्धवट माहिती तिथे पक्की रुजली आहे. मार्च २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं जुना रेकॉर्डिंग कायदा घटनाबाह्य ठरवला. ती बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा कायदा आला, तो कुणी वाचला नाही. नव्या कायद्यात खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं पुन्हा गुन्हाच आहे, पहिल्याच वेळी फेलनी. त्यात "चोरून" या अटीवर सगळी भिस्त आहे. उघडपणे सांगून केलेलं रेकॉर्डिंग चोरून होत नाही.

"पण मी टेक्सासात उभा आहे आणि टेक्सासात एकाची पुरते ना?" पुरते. पण डिस्पॅचर कुठे आहे? ऑफिसचा नंबर डॅलसचा असला तरी उचलणारा घरून काम करत असेल, आणि ते घर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असेल. एरिया कोडवरून माणूस कुठे बसलाय हे आता कळत नाही. जॉर्जियात रेकॉर्ड झालेल्या कॉलला, समोरचा गिऱ्हाईक कॅलिफोर्नियात होता म्हणून कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होतो, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच दिलाय. २०२१ मध्ये त्याच कोर्टानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: मोबाइल कॉलच्या बाबतीतलं कलम ६३२.७ हे आडून ऐकणाऱ्या तिऱ्हाइताप्रमाणेच संभाषणातल्या माणसालाही लागू आहे, आणि तिथे बोलणं गोपनीय होतं की नाही हा प्रश्नच येत नाही. दिवाणी दाव्यात एका उल्लंघनामागे पाच हजार डॉलर. तेव्हा सगळ्यांत कडक राज्याचा नियम सगळीकडे पाळायचा, हा माझा हिशेब. पहिलं वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात.

वाक्य कसं टाकायचं

वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात हे फार स्वच्छ लिहिलंय: रेकॉर्ड होणार असल्याचं एकानं सगळ्यांना नीट कळेल असं जाहीर केलं, तर ती संमती धरली जाते, मात्र ती घोषणासुद्धा रेकॉर्डिंगमध्ये असली पाहिजे. इतर राज्यांतही हीच पद्धत अंगावर येत नाही. म्हणून रेकॉर्डर आधी सुरू, मग वाक्य, मग समोरच्याचं "ओके" किंवा "शुअर" किंवा नुसतं पुढे बोलत राहणं. ऐकून पुढे बोलणं ही संमतीच मानली जाते, पण "इज दॅट ओके?" असं विचारून होकार घेतलात तर उत्तम.

आवाज साधा ठेवा, हवामान सांगतो तसा. "बघ हं, मी सगळं रेकॉर्ड करतोय!" असा दम भरलात तर समोरचाही दंड थोपटतो. मी कारणही देते: "माझ्या नोंदीसाठी." कुणी विचारलं तर म्हणते, अपॉइंटमेंटचे टाइम आणि पिकअप नंबर गाडी चालवताना लिहिता येत नाहीत. आणि ते खोटं नाही. माझ्या रेकॉर्डिंगांपैकी बहुतेक मी याच कामाला परत ऐकलेली आहेत.

फोन कॉन्फरन्सवर टाकला, मध्येच ब्रोकर (लोड मिळवून देणारा दलाल) किंवा शिपिंग क्लार्क जोडला गेला, तर वाक्य परत म्हणायचं. नव्या माणसानं पहिलं वाक्य ऐकलेलं नसतं.

तो नाही म्हणाला तर? रेकॉर्डर बंद करा, तो बंद केल्याचं सांगा, आणि म्हणा, "मग हे मला टेक्स्ट कर." इथे खरं तर तुम्ही जिंकलात. टेक्स्टला कुणाची संमती लागत नाही, त्यावर वेळ आपोआप पडते आणि "मी असं म्हणालोच नाही" म्हणून कानावर हात ठेवता येत नाहीत. तो टेक्स्ट करत नसेल तर तुम्ही करा, कॉल संपल्याबरोबर, गाडी उभी असताना: "आत्ता फोनवर तू म्हणालास की अमुक. मी म्हटलं तमुक. चुकत असेन तर सांग." उत्तर आलं नाही तरी तो मजकूर तुमच्या बाजूनं उभा राहतो.

आता त्या ठरलेल्या सवालाचं उत्तर. सांगितल्यावर डिस्पॅचर तीनपैकी एक करतो. एक, नियम मोडायला सांगायचं सोडून देतो. मग भांडणच मिटलं, तुम्हाला तेच हवं होतं. दोन, फोन ठेवून मेसेज करतो. तो रेकॉर्डिंगपेक्षा चांगला. तीन, काही फरक न पडता रोजच्यासारखंच बोलतो, कारण त्याच्या मते तो काही चूक करतच नसतो, दिवसभर पंचवीस ड्रायव्हरना तो हेच सांगतो. हा तिसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार जास्त आहे.

रेकॉर्डिंगमध्ये तुमचं स्वतःचं बोलणं

लोक रेकॉर्डिंग करतात डिस्पॅचरच्या तोंडच्या शब्दांसाठी. कायदा बघतो तुमच्या तोंडचे शब्द. हे नीट वाचा.

फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे एफएमसीएसएचा, कोअर्शन नियम जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ड्रायव्हरला नियम मोडायला लावण्यासाठी काम काढून घेण्याची किंवा दुसरं काही नुकसान करण्याची धमकी देणं म्हणजे कोअर्शन. कॅरियर (ट्रक कंपनी), शिपर (माल पाठवणारा), रिसीव्हर, ब्रोकर सगळे यात येतात. पण व्याख्येत एक अट आहे: "हे केलं तर नियम मोडेल" असं ड्रायव्हरनं सांगितलेलं असलं पाहिजे, आणि कुठला नियम ते निदान ढोबळ तरी सांगितलेलं असलं पाहिजे. कलम नंबर पाठ नको. "माझे अवर्स संपलेत" (म्हणजे कायद्यानं ठरवलेले कामाचे तास), "मला इतकी झोप आलीय की चालवणं सुरक्षित नाही", "ट्रेलरचा ब्रेक गळतोय", "बर्फानं रस्ता चालवण्यासारखा नाही" हे पुरतं. पण "अरे यार, आज नको, दमलोय" हे पुरत नाही. वीस मिनिटांची वादावादी रेकॉर्ड झाली आणि त्यात नियमाचं नावच नाही, अशा फाइली लोकांनी मला ऐकवल्यात. डिस्पॅचर त्यात आई-बहिणीवर उतरलेला आहे, पण त्या फाइलीत कोअर्शन कुठेच नाही.

एक कॉल सविस्तर सांगते. नवरा भारतात गेला होता, मी एकटी चालवत होते. सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका ग्रोसरी वेअरहाऊसला सकाळची अपॉइंटमेंट. डोअरला लावून सहा तास बसवून ठेवलं. ट्रेलर रिकामा झाला तेव्हा माझे ड्यूटीचे चौदा तास संपलेले, आणि गेटवरचा गार्ड म्हणतोय आवारात थांबता येणार नाही. डिस्पॅचरचा फोन. मी माझं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "कर की. हे बघ, पीसी लाव आणि उद्याच्या पिकअपजवळ जाऊन झोप. ऐंशी मैल तर आहे. सकाळी ताजी उठशील."

पीसी म्हणजे पर्सनल कन्व्हेयन्स, स्वतःच्या कामासाठी गाडी हलवणं, ते ड्रायव्हिंगच्या तासांत धरत नाहीत. २०१८ च्या एफएमसीएसएच्या मार्गदर्शनानुसार, लोडिंग-अनलोडिंगनंतर तास संपले असतील तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पीसीवर जाता येतं. वाटेतल्या थांबण्याच्या जागा सोडून पुढच्या पिकअपजवळ सरकणं मात्र पीसी नव्हे, ते कंपनीचं काम. हा फरक डिस्पॅचरला माहीत नसतो असं नाही.

मी म्हटलं, "माझे चौदा तास संपलेत. पुढच्या पिकअपकडे पीसीवर जाणं अवर्स ऑफ सर्व्हिसच्या विरुद्ध आहे. मी इथून जवळच्या ट्रक स्टॉपला पीसीवर जाते आणि दहा तास ऑफ घेते."

"सगळे करतात गं."

"मी नाही करणार. आणि नाही केलं तर काय होईल?"

थोडा वेळ शांत. मागे त्याच्या ऑफिसातले दुसरे फोन वाजत होते. मग: "मग सोमवारपर्यंत तुझ्यासाठी लोड निघेल असं मला वाटत नाही."

झालं. नियमाचं नाव माझ्या तोंडून, धमकी त्याच्या तोंडून, आणि दोन्ही एकाच फाइलीत, सुरुवातीच्या घोषणेसकट. "नाही केलं तर काय होईल?" हा प्रश्न मी सगळ्यांना पाठ करायला सांगते. तो विचारल्याशिवाय धमकी बहुतेक वेळा सुरातच राहते, शब्दांत येत नाही. त्या रात्री मी ट्रक स्टॉपवरून कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला दोन ओळींचा ईमेल केला आणि रेकॉर्डिंग आहे एवढंच कळवलं. दुसऱ्या दिवशी विश्रांतीचे दहा तास पुरे व्हायच्या आत लोड आला, वेगळ्या डिस्पॅचरकडून.

आणखी एक वाक्य लागतं ते गाडीच्या किंवा रस्त्याच्या धोक्याच्या वेळी: "हे दुरुस्त करून दे" किंवा "दुसरी सोय कर." वायोमिंगात लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वारा रिकामा ट्रेलर आडवा पाडतो. तिथे थांबायचं ठरवलंत तर नुसतं नाही म्हणू नका. "वारा ओसरेपर्यंत थांबते, अपॉइंटमेंट पुढे ढकल" अशी मागणी करा. कारण धोक्याच्या भीतीनं गाडी चालवायला नकार देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर त्यानं आधी मालकाकडे धोका दूर करायची मागणी केलेली असावी लागते.

फोन

गाडी चालत असताना बटणं दाबायची नाहीत. हातात फोन धरून बोलण्यावर कमर्शियल ड्रायव्हरना २०१२ पासून बंदी आहे, दंड हजारांत जातो, आणि तीन वर्षांत अशी दोन गंभीर उल्लंघनं झाली तर साठ दिवस सीडीएल (ट्रकचं लायसन्स) बंद. कंपनीविरुद्ध पुरावा गोळा करताना स्वतःविरुद्धचा तयार करू नका. महत्त्वाचा कॉल येतोय असं वाटलं तर "दहा मिनिटांत थांबून फोन करते" म्हणा. तसंही असले कॉल बहुतेक डॉकवर किंवा ट्रक स्टॉपवर उभं असतानाच येतात.

आयफोनमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या आयओएस १८.१ पासून रेकॉर्डिंग आतच आहे. कॉल चालू असताना पडद्यावरचं रेकॉर्डचं बटण दाबायचं. फोन स्वतःच दोघांना ऐकू जाईल अशी घोषणा करतो आणि फाइल नोट्स ॲपमध्ये जाते. फोन बोलला तरी मी माझं वाक्य म्हणतेच, कारण मशीनची घोषणा कधीकधी समोरच्याच्या हॅलोत विरून जाते.

अँड्रॉइडमध्ये फोनच्या कंपनीप्रमाणे बदलतं. कॉल ॲपच्या सेटिंगमध्ये "कॉल रेकॉर्डिंग" दिसलं तर आहे, नाही दिसलं तर प्ले स्टोअरवरची रेकॉर्डर ॲपं उतरवत बसू नका. मे २०२२ मध्ये गूगलनं त्यांची मागची वाट बंद केली. तेव्हापासून त्यातल्या बऱ्याच ॲपांत फक्त तुमचाच आवाज येतो, आणि ते कळतं महिनाभरानंतर, गरज पडल्यावर. गूगल व्हॉइसचा फुकट नंबर असेल तर आलेल्या कॉलवर ४ दाबलं की घोषणा होऊन रेकॉर्डिंग सुरू होतं. तुम्ही लावलेल्या कॉलवर ते चालत नाही.

या सगळ्याला माझा पर्याय जुनाट आहे. गाडी उभी, इंजिन बंद, फोन स्पीकरवर, शेजारी दुसरा जुना फोन व्हॉइस रेकॉर्डर लावून. कायद्याच्या दृष्टीनं यात आणि ॲपमध्ये फरक नाही, वाक्य तितकंच लागतं. फक्त हेडसेट काढून ठेवा. समोरचा आवाज तुमच्या कानातच राहिला तर रेकॉर्डरला तो ऐकू येणार कसा? आणि रीफर (थंड मालाचा ट्रेलर) चालवत असाल तर युनिटच्या आवाजापासून लांब, कॅबची काच वर.

टीमवाल्यांसाठी एक गोष्ट. नवरा डिस्पॅचरशी बोलत असेल आणि मी मागे बर्थमध्ये पडल्या पडल्या माझ्या फोनवर ते टिपलं, तर मी त्या बोलण्यात नाहीच. हे एकाची संमतीच्या राज्यातही चालत नाही, जोपर्यंत नवऱ्यानं स्वतः मला "कर" म्हटलेलं नाही. तसंच रेकॉर्डर चालू ठेवून फोन ऑफिसच्या टेबलावर "विसरणं". ते सरळ चोरून ऐकणं झालं. आतल्या बाजूचा डॅशकॅम तुम्ही स्वतः लावला असेल तर त्याचा माइकसुद्धा सगळं टिपत असतो. तो बंद ठेवा, नाहीतर कॅबमध्ये येणाऱ्याला दिसेल अशी चिठ्ठी लावा.

व्हॉइसमेल मात्र बिनधास्त जपा. आपला आवाज रेकॉर्ड होतोय हे जाणूनच माणूस तिथे बोलतो. डिस्पॅचर चिडला की व्हॉइसमेल ठेवतोच. फोन कंपन्या ते कायम जपतील असं नाही, तुमचे तुम्हीच फाइल म्हणून बाहेर काढा.

आणि कंपनीच्या टॅबलेटवर ईएलडीच्या (चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या) आत येणारे मेसेज! यांना तर सोनं म्हणा. पण नोकरी सुटली की टॅबलेट त्याच दिवशी परत जातो. म्हणून वादाचा मेसेज दिसला की स्वतःच्या फोननं स्क्रीनचा फोटो, तारीख-वेळेसकट.

फाइल कशी जपायची

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. कापायची नाही, आवाज वाढवायचा नाही, "महत्त्वाचा भाग" वेगळा काढायचा असेल तर प्रतीवर. कापलेली फाइल दिसली की समोरचा वकील उरलेल्या भागाबद्दलच विचारत बसतो. मी प्रत्येक फाइलीला तारीख, वेळ, मी कुठे होते आणि लोड नंबर असं नाव देते, आणि क्लाउडवर एक प्रत टाकते. वेळेचा घोळ सांभाळा: फोन तुम्ही असाल तिथली वेळ दाखवतो, ईएलडी कंपनीच्या होम टर्मिनलची. युटात उभं राहून टेक्सासच्या लॉगशी जुळवायला गेलात की एक तासाचा फरक निघतो, आणि तोच फरक पुढे खोटेपणा म्हणून दाखवला जातो. दोन्ही वेळा लिहा.

त्या दिवसाचा लॉग, बिल ऑफ लेडिंगवरची (मालाच्या पावतीवरची) इन-आउटची सही, लोकेशन, सगळं एकाच फोल्डरमध्ये. लॉग कंपनीनं सहा महिने ठेवायचे असतात. त्यानंतर ते मिळतील या भरवशावर राहू नका.

मालक-चालक मंडळींना दोनच शब्द. डिस्पॅच सर्व्हिसवाला किंवा ब्रोकर फोनवर डिटेन्शन किंवा टीओएनयू (ट्रक बोलावून लोड रद्द केल्याचे पैसे) कबूल करत असेल तर रेकॉर्डिंगवर समाधान मानू नका, सुधारित रेट कन्फर्मेशन (ठरलेल्या भाड्याचा कागद) मागा. पैशाच्या बाबतीत कागद बोलतो.

कंपनी काय करू शकते

रेकॉर्डिंग कायदेशीर असलं तरी कंपनीच्या हँडबुकमध्ये त्यावर बंदी असू शकते. मोंटाना सोडलं तर इथे नोकरी बहुतेक ठिकाणी "ॲट विल", म्हणजे कारण न देताही काढता येतं. सही केलेलं हँडबुक एकदा काढून वाचा. बंदी असेल तर टेक्स्ट आणि टॅबलेटवरच सगळं आणा. त्याला कुठलं हँडबुक अडवत नाही. आणि रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं नाही, टिकटॉकवर तर मुळीच नाही. ते गेलं की हातातला पुरावा जाऊन बदनामीचा दावा येतो.

सुरक्षेचा नियम मोडायला नकार दिला म्हणून काढलं, पगार कापला किंवा लोड तोडले, तर त्यावर वेगळा कायदा आहे: सरफेस ट्रान्स्पोर्टेशन असिस्टन्स ॲक्ट, कलम ३११०५. स्वतः गाडी चालवणारा मालक-चालकही यात येतो. तक्रार ओशाकडे (कामगारांच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं) करायची, घटनेपासून १८० दिवसांच्या आत. फोनवर, ऑनलाइन, कशीही. नोकरी परत, बुडालेला पगार, आणि वर दंडात्मक भरपाई अडीच लाख डॉलरपर्यंत मिळू शकते.

कोअर्शनची तक्रार एफएमसीएसएकडे जाते आणि तिला मुदत कमी आहे: ९० दिवस. नॅशनल कन्झ्युमर कम्प्लेंट डेटाबेसच्या साइटवर भरता येते, नाहीतर १-८८८-३६८-७२३८ वर फोन. या दोन तक्रारी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. एफएमसीएसए कंपनीला दंड करते, तुमचा पगार परत मिळवून देत नाही. ओशा तुमचं नुकसान बघते. दोन्ही लागू असतील तर दोन्ही करा. तक्रारीत रेकॉर्डिंग आहे असं लिहा, शेजारी तुमची नकाराची वाक्यं जशीच्या तशी उतरवा, आणि घोषणा रेकॉर्डिंगच्या कितव्या सेकंदाला आहे तेही लिहा.